कल चाचणीच्या आधी झालेली काटछाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय शिक्षणाचे शेवटचे वर्ष जवळ आले की ‘मुलाचा कल ओळखा’ असा सल्ला चहूकडून सुरू होतो. कल चाचणीला आमचा विरोध नाही, पण मूल चाचणीला बसते तोवर बहुतेक व्यवसाय त्याने मनातून केव्हाच बाद केलेले असतात. लिंडा गॉटफ्रेडसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये या काटछाटीचा क्रम मांडला. सहा ते आठ वर्षांच्या वयात ‘हे मुलींचे काम, हे मुलांचे’ म्हणून काही व्यवसाय गळतात. नऊ ते तेराच्या दरम्यान कमी प्रतिष्ठेचे आणि ‘आपल्याला झेपणार नाहीत’ असे वाटणारे जातात. स्वतःच्या आवडीचा नंबर चौदाव्या वर्षाच्या आसपास लागतो, तोही उरल्यासुरल्यांतून.

२०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलांना विचारले होते, तिशीत तुम्ही काय करत असाल? ४१ देशांतल्या ४७ टक्के मुलग्यांची आणि ५३ टक्के मुलींची उत्तरे जेमतेम दहा लोकप्रिय व्यवसायांत मावली. एवढ्या मुलांचा कल खरोखर इतका सारखा असेल, हे पटत नाही. जे व्यवसाय दिसतात तेच निवडले जातात.

चाचणी कुठे फसते, तेही सांगायला हवे. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी माणसांच्या आवडींचे व स्वभावाचे सहा प्रकार मांडले; त्यांवर आधारलेल्या प्रश्नावलीत ‘यंत्र दुरुस्त करणे’, ‘हिशेब तपासणे’ अशी कामे देऊन ‘आवडते की नाही’ विचारतात. ज्याने पाना कधी हातात धरला नाही, तो ‘नाही’वर खूण करून पुढे जातो. मग सहाही प्रकारांतले गुण कमी आणि जवळजवळ सारखे येतात, आणि अहवालात ‘स्पष्ट कल नाही’ असे छापून येते. वास्तविक तिथे अनुभव नसतो. समुपदेशकाने अशा प्रत्येक ‘नाही’पुढे ‘कधी करून पाहिलेस का?’ असे विचारून वेगळी खूण करावी. न केलेल्या कामांची संख्या मोठी असेल तर अहवाल बाजूला ठेवून आधी ती कामे दाखवावीत, चाचणी नंतर पुन्हा घ्यावी. शिवाय कल म्हणजे क्षमता नव्हे; त्यासाठी अभिक्षमता चाचणी वेगळी असते. पालक हे दोन्ही सर्रास एकच समजतात, आणि काही मार्गदर्शकही!

शाळांतली ‘यशस्वी व्यक्तींची व्याख्याने’ टाळ्या मिळवतात, माहिती फारशी देत नाहीत. त्यापेक्षा त्या क्षेत्रात चार-पाच वर्षे काम केलेला माणूस बोलवावा आणि मुलांनी त्याला नेमके विचारावे: काल सकाळपासून काय काय केलेत? कंटाळवाणा भाग कोणता? शिकायला किती वर्षे आणि किती खर्च? मध्येच सोडणारे का सोडतात? मुलींसमोर त्या क्षेत्रातली बाई आली तर उत्तम, कारण आपल्यासारखे कुणी ते काम करताना दिसले की ‘मलाही जमेल’ हा भरवसा वाढतो.

हे सारे तेरा-चौदाव्या वर्षी व्हायला हवे. शेवटच्या वर्षी पालकांना बोलावून अहवाल हाती देण्याला फार अर्थ नाही, तोवर घरात निर्णय झालेला असतो. निदान विषय निवडीच्या अर्जासोबत शाळेने एक पान जोडावे: कोणता विषय सोडला तर पुढचे कोणते अभ्यासक्रम बंद होतात आणि त्यांतले कोणते नंतर कोणत्या मार्गाने पुन्हा उघडता येतात. गणित नकोसे झाले म्हणून सोडणाऱ्या मुलाला सही करण्याआधी एवढे तरी कळायला हवे.

आपले,
व्यवसाय मार्गदर्शन करणारे काही समुपदेशक