पिनवर कोण बसणार?

पाचपाखाडी, ठाणे
१२ मे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आपटला, ते चुकलं. बोटीमागे स्की करताना तू पडलीस तर दोर सोडणाऱ्या पिनवर कोण बसणार, असं मी विचारलं, तर तू "कोणीतरी बसेल ना, बाबा" म्हणालीस आणि माझं डोकं फिरलं. आई म्हणाली, बोलून बिघडवता, त्यापेक्षा लिहा. म्हणून लिहितोय. पिनचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

सीझनच्या सुरुवातीलाच हँडलच्या पट्ट्यात पाय अडकवून करायची नवी ट्रिक घ्यायची हे मला पटलं. स्पर्धा लांब आहे, २० सेकंदांच्या दोन फेऱ्यांत काय बसवायचं याची घाई नाही, पडायला भरपूर सवड आहे. पण इथे घामाच्या धारा लागल्यात म्हणून तुझ्याकडचं पाणी मी विसरलेलो नाही. ऑन्टॅरिओतलं तळं मेमध्ये १०-१२ अंशांच्या आसपास. पडलं की पहिलं मिनिटभर धाप लागते, थोड्या वेळात बोटं आखडतात, आणि हँडल त्याच बोटांत असतं. ४ मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट घाल, त्यावर जॅकेट. एका खेपेला १० मिनिटं पुरेत. दमल्यावर "अजून एकदाच" म्हणून मागे लागू नकोस.

पहिले दोन दिवस पाय पट्ट्यात घालूच नकोस. जुनंच कर: साइड स्लाइड, म्हणजे स्की आडवी करून घसरणं, मग १८० अंशांची अर्धी गिरकी, मग पाठमोरीची परत समोर. हिवाळ्यात गुडघे विसरतात, माणूस ताठ उभा राहायला लागतो. ताठ झालीस की हँडल कमरेपासून सुटतं, हात लांब होतात आणि बोट तुला पुढे खेचते. १८०मध्ये आधी हँडल कमरेशी, मग वळणं. वळता वळता ओढायला गेलीस तर उशीर झालेला असतो. साइड स्लाइडमध्ये स्कीची बोटीकडची कड किंचित उचललेली हवी. ती बुडाली की आपटलीसच. खाली फिन, म्हणजे उभं पातं, नसलेली स्की गिरकीही घेते आणि दगाही देते, हे तुला मी काय शिकवणार! नजर तेवढी पाण्यावर नको, किनाऱ्यावरच्या झाडांवर ठेव.

परवा तुझा ३६०चा व्हिडिओ पुन्हा पाहिला. पाठीमागे हँडल या हातातून त्या हातात गेलं, कुठे धक्का नाही. आईला स्लो करून दाखवला. तिला काही कळलं नाही, पण दोनदा बघितला.

आता पट्टा. आधी जमिनीवर. हँडल कमरेच्या उंचीवर बांध, मागचा पाय पट्ट्यात, उभ्या पायाचा गुडघा वाकलेला, आणि पट्ट्यातला पाय पोटाकडे ओढून मग वळायचं. ५० वेळा समोर, ५० वेळा पाठमोरी. गॅलरीच्या ग्रिलला हँडल बांधून तू हेच करायचीस आणि खालच्या आजी भांडायला वर यायच्या. तो गज अजून वाकडा आहे. काका दर दिवाळीला म्हणतात सरळ करू. मी करू देत नाही.

पाण्यावर पहिल्या चार-पाच खेपा नुसतं सरळ जायचं, बोटीमागच्या दोन लाटांच्या मधल्या सपाट पाण्यावर, पाय पट्ट्यात, वळणं नाही. मग साइड स्लाइड. ती दहातून सातदा जमली की पाठमोरी. चूक ठरलेली असते: पाय सरळ होतो, कंबर मोडते, आणि पाय पुढे, अंग मागे.

आणि हँडल हातात असतं तर सुटलं असतं. पट्ट्यातला पाय आपोआप सुटेलच असं नाही. बोट पुढे, पाय तिच्यामागे, गुडघा मध्ये पिळतो. बघ, नको नको म्हणत तिथेच आलो. दोराचं बोटीकडचं टोक रिलीजला, म्हणजे पिन ओढली की दोर सोडणाऱ्या कडीला, असतं ते यासाठी. ड्रायव्हर पुढे बघतो, आरशात त्याला दिसतं ते उशिरा दिसतं. वेग २५-३० किलोमीटर, स्लालमच्या, म्हणजे बॉयांभोवती वळत जायच्या प्रकारातल्या, ५५पुढे हे रांगणंच, म्हणून बोटीतले गप्पा मारत बसतात. पिनवरच्या माणसाला दुसरं काम नको. फोन नाही, शूटिंग नाही, तोंड मागे, पिनची दोरी हातात. तोल गेला असं वाटलं तरी ओढायची, खात्री करत बसायचं नाही. उगाच ओढली गेली तर तू फक्त पाण्यात बसशील. पुन्हा दोर लावायला दोन मिनिटं लागतात.

पुरे, भाषण झालं. तू लहान नाहीस, सॉरी. तलावपाळीच्या पेडल बोटीतसुद्धा तू माझा हात झिडकारायचीस, तेव्हा मी काय एवढा घाबरायचो नाही.

फक्त शुक्रवार रात्रीपर्यंत एक नाव कळव. "कोणीतरी" नको.

तुझा,
बाबा

ता. क. पट्टा मागच्या वर्षीचाच असेल तर टाचेकडची शिवण ओढून बघ. आणि बोट निघण्याआधी दोराला दोघांनी लटकून एकदा पिन ओढून पाहा. ताण नसताना रिलीज नेहमीच सुटतं. अडकलं तर ताणावर अडकतं.