मिरजेहून धावून आलेल्या ताईंचे आभार

आमच्या आईला पोपट पाळायची फार हौस. पण आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरात ठेवता येत नाही, हे सांगलीतल्या पक्षीमित्रांनीच समजावलं. मग त्यांनी सोडवलेला एक राखाडी कॉकाटील, म्हणजे तुरा असलेला छोटा पोपट, आमच्याकडे सांभाळायला दिला. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला. देण्याआधी त्यांच्यातल्या एक ताई घरी आल्या, पंखे आणि खिडक्या बघून गेल्या. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं.

गेल्या आठवड्यात रात्री नॉनस्टिक तवा गॅसवर तसाच राहिला. धूर फारसा नव्हता, पण पिंजऱ्यातला जीव चोच उघडून धापा टाकू लागला, शेपटी वरखाली हलत होती. ताईंना फोन केला. "आधी त्याला गॅलरीत न्या, पाणी पाजू नका, मी निघाले," एवढंच बोलल्या. तव्याच्या तापलेल्या नॉनस्टिक लेपाचा वायू पक्ष्यांच्या फुफ्फुसांना सोसत नाही, हे नंतर कळलं.

अकराच्या सुमारास त्या मिरजेहून स्कूटीवर आल्या, डॉक्टरांना फोनवर घेऊनच. सोबत छोटा ऑक्सिजन सिलिंडर. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात त्याला ठेवून नळी सोडली आणि पहाटेपर्यंत जमिनीवर बसून राहिल्या. मधे आईचा हात धरून म्हणाल्या, "काकू, तुमची चूक नाही, हे कुणी सांगतच नाही." आई तेव्हा कुठे रडायची थांबली.

उजाडताना त्याने तुरा उभारला. ताईंनी पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतला. ताई, मनापासून आभार. तो तवा आम्ही घरातून काढून टाकलाय.