कापडवाला एलायजा

न्यूयॉर्क,
१४ ऑक्टोबर

प्रिय नंदू,

परवा तुझा फोन उचलला नाही, रागावू नकोस. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये होतो, आणि समोर तुझाच एक धंदेभाऊ उभा होता.

एलायजा बोर्डमन. कनेक्टिकटमधल्या न्यू मिलफर्डचा कापडाचा व्यापारी, वय २९. तैलचित्र १७८९ सालचं, जवळजवळ ७ फूट उंच, त्यामुळे गडी खराच पुढ्यात उभा आहे असं वाटतं. रेशमी मोजे, बकलांचे बूट, आणि बाजूला उभ्यानं हिशेब लिहायचं मेज. पण मी अडकलो ते मागच्या उघड्या दारात. आत फळ्यांवर तागेच तागे! साधे, फुलांचे, सगळे नीट रचलेले. एकाचं टोक खाली लोंबतंय आणि त्यावर इंग्लंडच्या कराचा शिक्का. इंग्लंडनं अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य करून जेमतेम सहा वर्षं झालेली, आणि हा पठ्ठ्या विलायती मालाचा शिक्का चित्रात मिरवतोय! तुझे बाबा नाही का, गिऱ्हाइकाला आधी ताग्याची किनार वाचून दाखवायचे? तसंच.

बड्या घरच्या माणसानं आपली जमीन मागे दाखवायची, हा तेव्हाचा रिवाज. याच्या भावाचं, डॅनियलचं, चित्र त्याच चित्रकारानं त्याच वर्षी काढलं. त्यात मागे न्यू मिलफर्डचा परिसर पसरलाय. एलायजानं मात्र दुकान मांडलं.

आणि चित्रकार कोण, तर राल्फ अर्ल. याची कथा ऐक. स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या बाजूचा, म्हणून १७७८ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याचा नोकर बनून विलायतेला पळाला. पहिली बायको इकडेच टाकून तिकडे दुसरी केली (हे मला अजिबात आवडलेलं नाही). १७८५ मध्ये परतला आणि वर्षभरात कर्जापायी न्यूयॉर्कच्या तुरुंगात. तिथेच चित्रं काढून पैसे जोडायचा. पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झालेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनची बायको एलिझाबेथ स्वतः तुरुंगात जाऊन त्याच्यापुढे बसली. १७८८ मध्ये सुटला आणि पुढच्याच वर्षी या कापडवाल्याच्या दारात.

म्हणजे बघ, ज्याला स्वतःची उधारी फेडता आली नाही, त्यानं हिशेबाच्या मेजाशी उभा असलेला माणूस रंगवला. आणि किती निगुतीनं! लंडनमध्ये शिकलेली मऊ सावल्यांची नजाकत इथल्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला ठेवली. कडा स्वच्छ, रंग सपाट, प्रत्येक तागा वेगळा मोजता येईल असा. मला तर चेहऱ्यापेक्षा तागेच जास्त जिवंत वाटले. पुढे दारूनं अर्लचा घात केला, १८०१ मध्ये गेला.

एलायजाची जमीनदारी चित्रात नाही, ती नंतरची. ऑगस्ट १७९५ मध्ये ग्रीनव्हिलच्या तहात लढाई हरलेल्या मूळ रहिवासी जमातींनी ओहायोतला मोठा मुलूख सोडला. पुढच्याच महिन्यात कनेक्टिकट लँड कंपनीनं तिकडची सुमारे ३० लाख एकर जमीन १२ लाख डॉलरला घेतली. एकरी ४० सेंट! एलायजा त्या भागीदारांतला. त्याच्या नावाचं बोर्डमन गाव यंगस्टाउनशेजारी अजून आहे. पुढे तो सिनेटरही झाला, आणि १८२३ मध्ये त्याच गावी वारला. चित्रासमोर परत गेलो तेव्हा त्या दाराकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. तागे विकून आलेला पैसा पुढे कुठे जाणार, हे आता मला ठाऊक होतं आणि त्याला अजून नव्हतं.

पाय दुखेपर्यंत उभा होतो. रखवालदार दोनदा चक्कर मारून गेला.

चित्राची एक छापील प्रत तुझ्यासाठी घेतलीय. गल्ल्यामागे लाव. कॅलेंडरमुळे एलायजा झाकला गेला तरी चालेल, तागे दिसू देत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शऱ्या