‘कलर्स मराठी’ कुणाच्या घरी जाणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रिलायन्स आणि डिस्नेचा भारतातला माध्यम व्यवसाय १४ नोव्हेंबर २०२४ रोजी एक झाला. ७०,३५२ कोटींच्या या व्यवहारावर रकानेच्या रकाने आले, पण बहुतेक सगळे क्रिकेट आणि ओटीटीबद्दल. बाजारात मक्तेदारी होऊ नये हे पाहणाऱ्या स्पर्धा आयोगाच्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या आदेशातल्या एका अटीकडे आपल्याकडे म्हणावं तसं कुणी पाहिलं नाही. मंजुरीसाठी सात वाहिन्या विकायचं या कंपन्यांनी कबूल केलं आणि त्यांत ‘कलर्स मराठी’ होती. मी इचलकरंजीत पंचवीस वर्षं केबलचा धंदा करतो, म्हणून राहवत नाही.

डिस्ने वाढली ती विकत घेत घेत. २००६ मध्ये ७.४ अब्ज डॉलरला पिक्सार, २००९ मध्ये मार्व्हलचा सौदा, २०१२ मध्ये लुकासफिल्म. लोकांच्या आधीच मनात बसलेली पात्रं घ्यायची आणि ती चित्रपटांपासून खेळण्यांपर्यंत सगळीकडे चालवायची, हा हिशेब उत्तम जमला. २०१९ ची फॉक्सची खरेदी मात्र वेगळी. कॉमकास्ट या दुसऱ्या अमेरिकी माध्यम कंपनीशी चढाओढ लागली आणि ५२.४ अब्ज डॉलरवरून बोली ७१.३ अब्जांवर गेली. त्याच सौद्यात स्टार इंडिया आली आणि तिच्यामागून आपली ‘स्टार प्रवाह’. पुढे २०२२ मध्ये आयपीएलचे टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले, मोबाइल-इंटरनेटवरचे २०,५०० कोटींना रिलायन्सच्या वायकॉम१८ कडे गेले. क्रिकेट गेल्यावर डिस्नेच्या हॉटस्टार या अ‍ॅपचे ग्राहक भराभर गळाले. आता दोन्ही हक्क एकाच घरात आहेत.

या उलाढालीत भाषेच्या वाहिन्या गाठोड्यात बांधल्यासारख्या इकडून तिकडे जातात. ‘कलर्स मराठी’चंच बघा. रामोजी राव यांच्या समूहाने २००० मध्ये ‘ईटीव्ही मराठी’ सुरू केली, पुढे ती आता रिलायन्सच्या असलेल्या नेटवर्क१८ समूहाकडे गेली, २०१५ मध्ये नाव बदललं. ‘हंगामा’ ही मुलांची वाहिनी डिस्नेने २००६ मध्ये यूटीव्हीकडून घेतली होती, २०२४ च्या विक्रीच्या यादीत तीही होती.

याची झळ कुठे लागते ते सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये वाहिन्यांच्या कंपन्यांशी नव्या दरांच्या करारावरून बिनसल्याने देशभर अनेक केबल कंपन्यांचे सिग्नल बंद झाले होते. आमच्या भागात एक आजी आहेत. मुलगा रात्रपाळीला मागावर, सून शिवणकाम करते, आणि संध्याकाळी सातनंतर घरात बोलायला असतो तो टीव्हीच. त्या काठी टेकत माझ्या दुकानात आल्या. “आरं, पैसं भरल्यात न्हवं? मग माझी मालिका गेली कुठं?” बॉक्स चालू, वायर ठीक, रिचार्ज झालेला. भांडण कुणाकुणाचं आणि कशावरून, हे मी त्यांना समजावत बसलो. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “त्यांच्या भांडणात माझं काय?” मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हा मराठी मनोरंजनाचे मोठे मालक निदान तीन होते. विक्रीची अट नसती, तर ‘प्रवाह’ आणि ‘कलर्स मराठी’ एकाच छताखाली राहिल्या असत्या. आयोगाने ते ओळखलं, मराठीचा बाजार हिंदीत मिसळून मोजला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण विकायची म्हणजे कुणाला? मराठीत आधीच पाय रोवलेल्या दुसऱ्या मोठ्या समूहाने ती घेतली, तर तीनाचे दोन होणारच. जाहिरातदाराला दर पाडून मागायला जागा उरणार नाही, लेखक-कलाकारांना दुसरं दार उरणार नाही, आणि आमच्यासारख्यांसमोर एकच बुके, म्हणजे वाहिन्यांचा एकगठ्ठा संच, ठेवून ‘घ्या नाहीतर सोडा’ म्हटलं जाईल. आणि पैशांची ताकद नसलेल्या कुणी घेतली, तर नव्या मालिका थांबून जुन्याच फिरत राहतील.

म्हणून माझी स्पर्धा आयोगाला विनंती आहे की खरेदीदार ठरवताना मराठी बाजारात त्याचा आधीचा वाटा किती आहे हे आधी पाहावं, आणि नव्या कार्यक्रमांवर काही वर्षं खर्च करण्याची हमी त्याच्याकडून लेखी घ्यावी. आपल्या खासदारांनीही हा विषय दिल्लीत काढावा. आणि संपादक महोदय, या विक्रीच्या बातम्या अर्थपानाच्या कोपऱ्यात न टाकता पहिल्या पानावर द्याव्यात.

आपला,
एक केबलचालक, इचलकरंजी