सुमे, तू जिंकलीस

जर्सी सिटी
जून २०२५

प्रिय सुमे,

दिवाळीला सविस्तर लिहिते म्हणाले होते. कुठली दिवाळी ते सांगितलं नव्हतं, एवढाच माझा बचाव. गुडघा बरा आहे, साखर तशीच.

परवा इथल्या इमिग्रेशन कोर्टात सरकारी वकील उठून म्हणाला, आम्ही ही हद्दपारीची केस मागे घेतोय. आणि मी उभी राहून म्हणाले, माझी हरकत आहे.

हो, मीच! कॉलेजातल्या कलम ३२१ च्या मूटवरून, त्या लुटुपुटीच्या खटल्यावरून, तुझ्याशी तीन आठवडे अबोला धरणारी. तू म्हणायचीस, खटला मागे घ्यायला कोर्टाची संमती हवीच. मी म्हणायचे, सरकारच सोडतंय तर कोर्टाच्या पोटात का दुखावं? (आता नव्या कायद्यात ते कलम ३६० झालं ना? भांडण तेच.)

इथं वर्षानुवर्षं माझं पोट याच याचनेवर चाललं. प्रॉसिक्युटोरियल डिस्क्रिशन, म्हणजे केस चालवायची की सोडायची ही सरकारी वकिलाची मर्जी; आमच्या भाषेत पीडी. २०२२ च्या एप्रिलमध्ये ही मर्जी कधी दाखवावी ते सरकारी वकिलांना सांगणारा डॉइल मेमो आला तेव्हा रात्र रात्र जागून अर्ज केले: बाईवर एकही गुन्हा नाही, मुलं इथंच जन्मलेली, कृपा करून केस काढून टाका. बीटल्सवाल्या जॉन लेननच्या हद्दपारीच्या केसमध्ये त्याच्या वकिलानं सत्तरच्या दशकात सरकारचे कागद उकरून काढले, तोवर अशी मेहेरबानी होते हेच बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तुझ्या खोलीतल्या त्या फाटक्या पोस्टरचा एवढा तरी उपयोग.

या जानेवारीत ते सगळं संपलं. आणि मे महिन्यापासून सरकार न मागता केसेस मागे घेतंय. का, ते ऐक. जज्जसमोरची केस गेली की दोन वर्षांच्या आत आलेल्या माणसाला झटपट हद्दपारीत टाकता येतं. तिथं जज्जच नाही. म्हणून तोंडं झाकलेली, धरून नेणारी सरकारी माणसं कोर्टाच्या बोळातच उभी असतात.

माझी अशील इक्वेडोरची, डिसेंबर २०२३ मध्ये आलेली. दुभाष्यानं 'केस रद्द' म्हटलं आणि तिनं हसून माझा हात दाबला. तिला वाटलं, जिंकलो. ते हसू मला पुसावं लागलं, तेही दुभाष्याकडून. जज्जनं लेखी उत्तराला दहा दिवस दिले. मग लिफ्टपर्यंतची चाळीस पावलं. मी मोजली. आमच्या आधीच्या पोराला त्यांनी भिंतीशी धरलं होतं, फाईल खाली पडलेली. आम्हाला कुणी अडवलं नाही. का, कळलं नाही.

आता पुढची तारीख. गेली नाही तर गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम. गेली तर तो बोळ. व्हिडिओवरून हजेरीचा अर्ज टाकलाय, मिळेलच असं नाही. काल तिनं विचारलं, लेकीला बरोबर आणू की शेजारणीकडे ठेवू? सात वर्षांची आहे ती. मी म्हणाले, उद्या सांगते. तो उद्या आज होता, आणि मी तुला पत्र लिहीत बसलेय. अव्या असता तर म्हणाला असता, फी परत कर आणि झोप.

बढतीचं कळलं, अभिनंदन. सासूबाईंचा दुसरा डोळा झाला का? चिरंजीवांना लॉला घालू नकोस.

आणि ती मूटची वही अजून असेल तर संमतीवरच्या पानांचे फोटो पाठव. इथं त्याचा काडीचा उपयोग नाही. तरी पाठव.

तुझी,
वंदी