पहिले पिस्तूल ‘मिलिटरी’चेच कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पहिलेच शस्त्र घ्यायचे आहे, स्वस्तातले मिलिटरी पिस्तूल कोणते घेऊ?’ हा प्रश्न नेमबाजीच्या सरावाला येणाऱ्या तरुणांकडून अलीकडे वारंवार ऐकू येतो, म्हणून हा पत्रप्रपंच. या प्रश्नाचा उगम मोबाइलवरच्या अमेरिकी चित्रफितींत आहे. तोकारेव्ह, मकारोव्ह, ब्राउनिंग हाय-पॉवर अशी निरनिराळ्या लष्करांनी वापरातून काढलेली पिस्तुले तिकडे वर्षानुवर्षे दुकानांत मिळत आली आहेत, त्यामुळे नवख्याने त्यांचा विचार करणे तिथे स्वाभाविक ठरते. पुण्यात मात्र या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दुकानात जाण्यापूर्वी कायद्यानेच देऊन ठेवले आहे.

शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांनुसार लष्करी 9 मिलिमीटरचे काडतूस ज्यात बसते व उडते, ते पिस्तूल ‘प्रतिबंधित बोअर’ ठरते (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास). त्याचा परवाना देणे पुण्याच्या पोलिस आयुक्तांच्या वा जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती नसून तो अधिकार केंद्र सरकारचा आहे, आणि सामान्य नागरिकाने त्याची आशा न धरलेलीच बरी. पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे आणि आपल्या सैनिकांच्या कमरेला अनेक दशके दिसलेले ब्राउनिंग धाटणीचे पिस्तूल याच कारणाने आपल्यासाठी नाही. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर 7 ते 14 वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. तेव्हा ‘आर्मीचा माल’ म्हणून कोणी स्वस्तात काही दाखवू लागला, तर ते चोरीचे असेल किंवा गावठी असेल, तिसरी शक्यता फारशी उरत नाही.

परवानाधारकाला प्रत्यक्षात मिळते ते मुख्यतः .32 बोअरचे (म्हणजे .32 इंचाचे) शस्त्र: इच्छापूरचे ‘अशनी’ पिस्तूल, कानपूरचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर, 2014 मध्ये आलेले टायटॅनियम मिश्रधातूचे हलके ‘निर्भीक’, किंवा 2023 चे ‘प्रबल’. यांनाही स्वस्त म्हणणे धाडसाचेच, कारण ‘निर्भीक’ बाजारात आले तेव्हाच त्याची किंमत सुमारे सव्वा लाख रुपये होती. विदेशी शस्त्रांच्या खासगी आयातीची दारे, नामांकित नेमबाजांसारखे अपवाद वगळता, 1980 च्या दशकापासून बंद आहेत. त्यामुळे एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या विदेशी पिस्तुलाला जी किंमत मोजावी लागते, ती त्याच्या गुणांपेक्षा दुर्मीळपणाची असते. शिवाय पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर या दोहोंवर .32 असे लिहिलेले असले, तरी पिस्तुलाचे काडतूस आखूड आणि रिव्हॉल्व्हरचे लांब असते व ते एकमेकांच्या जागी चालत नाही, हे अनेकांना खरेदीनंतर कळते.

माझ्या मते नवख्याने पिस्तुलाआधी रिव्हॉल्व्हरचा विचार करावा. रिव्हॉल्व्हर उघडले की किती गोळ्या आहेत, कुठल्या घरात आहेत, हे एका नजरेत दिसते. पिस्तुलाचे मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून हातात घेतले, तरी एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, राहिलेली असू शकते, आणि ‘रिकाम्या’ पिस्तुलातून सुटलेल्या गोळीची कहाणी बहुधा याच एका गोळीची असते. ब्राउनिंगमध्ये मॅगझीन काढल्यावर चाप चालत नाही, पण ही सोय सर्व पिस्तुलांत नसते. मूळ तोकारेव्हला तर वेगळा सेफ्टीचा खटकाच नव्हता. घोडा अर्धवट चढवून ठेवणे एवढाच बंदोबस्त होता, आणि अमेरिकेत आयात करताना त्याला खटका नव्याने बसवावा लागला. लष्करात हे चालून जाते, कारण तिथे शस्त्र कोतमधून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारातून, नोंद करून मिळते, नोंद करून परत जाते आणि हाताळणाऱ्यावर उस्तादाची नजर असते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, शाळकरी मुले घरात असताना, यातले काहीही नसते. (चित्रफितीत दिसते म्हणून कमरेला खोचून हिंडण्याची हौस असणाऱ्यांनी परवान्याच्या अटी एकदा सावकाश वाचाव्यात.)

हलके शस्त्र खिशाला सोयीचे असते, पण त्याच गोळीचा झटका हलक्या शस्त्रात अधिक जाणवतो, आणि नवखा माणूस त्या झटक्याला घाबरून चाप खेचण्याआधीच मनगट वाकवू लागतो. ही खोड जायला फार वेळ लागतो. म्हणून सुरुवात एअर पिस्तुलाने करावी. .177 बोअरच्या आणि 20 जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, छऱ्यांचा खर्च किरकोळ असतो आणि बालेवाडीच्या क्रीडा संकुलात नेमबाजीची रेंज आहे. तिथून .22 कडे जाता येते. 2018 च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 25 मीटरचे सुवर्ण याच बोअरच्या पिस्तुलाने मिळवले. .32 ची काडतुसे महाग असतात आणि परवान्यावर नोंदवलेल्या मर्यादेतच मिळतात, त्यामुळे थेट तिथून आरंभ करणाऱ्याचा सराव होतच नाही.

अर्जदाराचे वय किमान 21 असावे लागते, पोलिस चौकशी होते, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याची हमी द्यावी लागते, आणि निवडणुकीच्या काळात ते पोलिसांकडे जमा करण्याचा आदेशही येऊ शकतो. पुणे शहर, 2018 पासून स्वतंत्र झालेले पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि ग्रामीण भाग यांसाठी अर्ज कोणाकडे करायचा, तसेच कोणते बोअर प्रतिबंधित आहेत, याची चौकट आपण एकदा ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक नेमबाज वाचक,
औंध, पुणे