वर कोणाची सही? : माननीय परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी नेरूळला राहणारा, इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला शिक्षक. माझा धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर फिटर आहे. गेले अकरा महिने ते जहाज एका परदेशी बंदरात अडकवून ठेवले आहे. आरोपपत्र नाही, कोर्टाची तारीख नाही आणि सगळ्यांचे पासपोर्ट तिथल्या सरकारच्या कपाटात. त्या देशाचे नाव लिहीत नाही, कारण माझे पोर अजून त्यांच्या हातात आहे. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने पाण्याची बाटली दाखवली. तिच्यावर मार्करने रेघ ओढलेली होती; एका माणसाला दिवसभरात तेवढेच. फोन ठेवल्यावर त्याची आई बराच वेळ स्वयंपाकघरातल्या माठाकडे बघत बसली.

हे पत्र लिहायचे निमित्त परवाचे. दोन महिन्यांपूर्वी सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंचे पुढारी आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले, फोटो काढून गेले आणि आपल्याला संयुक्त निवेदन देण्याचा शब्द देऊन गेले. मसुदा मीच लिहिला, वाशीहून टाइप करून आणला. एकांनी विचारले, "त्यांची सही वर का?" दुसऱ्यांकडून निरोप आला, की साहेबांची सही खाली शोभणार नाही. परवा कागद होता तसा परत आला. माझा मुलगा त्या उन्हात नेमका कोणत्या पक्षाचा म्हणून तापतो आहे, एवढे तरी कोणी सांगावे.

एकमत आपल्याला जमतच नाही, असे म्हणायलाही जागा नाही. 25 मार्च 1971 च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि 31 मार्चला आपल्या संसदेने पूर्व बंगालच्या जनतेच्या बाजूने एकमुखी ठराव केला. सहा दिवस लागले. 1994 मध्ये काश्मीर प्रश्नावर भारताची बाजू मांडायला नरसिंह रावांनी विरोधी पक्षनेते वाजपेयींना जिनिव्हाला धाडले. मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, भारताची बाजू सांगायला सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे जगभर गेली. त्यांतल्या एकाचे नेतृत्व आमच्याच जिल्ह्यातल्या कल्याणच्या खासदारांकडे होते. विमानात शेजारी बसता येते, कागदावर येत नाही.

त्याच वर्षी 5 फेब्रुवारीला अमेरिकेच्या लष्करी विमानाने 104 भारतीयांना बेकायदा स्थलांतरित म्हणून बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले. दुसऱ्या दिवशी विरोधक संसदेच्या आवारात बेड्या घालून उभे राहिले आणि आपण राज्यसभेत सांगितलेत, की ही त्यांची 2012 पासूनची पद्धत आहे. भांडलो आपण आपसातच. बेड्या घालणाऱ्याला उद्देशून सभागृहाची एकमुखी ओळ काही निघाली नाही. परक्यांच्या माणसांबद्दल तर विचारूच नये. ऑक्टोबर 2022 मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइघुर मुस्लिमांच्या हक्कांवर नुसती चर्चा घेण्याचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत 17 विरुद्ध 19 मतांनी पडला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या 11 देशांत आपण होतो. परराष्ट्र धोरणात मौनालाही मोल असते, हे मी वर्गात शिकवत आलो. ते मोल कोणाच्या खिशातून जाते, हे पुस्तकात दिलेले नव्हते.

संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीत सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंचे खासदार बसतात. परदेशी सरकारांनी विनाआरोप डांबलेल्या भारतीय खलाशांचा विषय तिथे यावा, यासाठी आपण पुढाकार घ्यावा आणि सर्वांच्या सह्यांचे निवेदन त्या देशांच्या राजदूतांच्या हातात द्यावे. मसुदा सोबत जोडला आहे. नातीची कंपासपेटी मागून घेऊन सह्यांची जागा या वेळी गोलात आखली आहे. त्यात वर कोणी नाही.

आपला,
नेरूळमधील एका खलाशाचा बाप